विकलनाची वही

एदोगावा, १४ मे २०१८

तेजू,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं ऐक. आत गणित आहे, रडगाणं नाही. दिवाळीला तू माझ्याशी दोन मिनिटं बोलतेस, मागून बाबांचा आवाज आला की ठेवतेस, बाकी वर्षभर उचलत नाहीस. म्हणून कागद. माझं अक्षर सातवीत शाळा सुटली तिथेच राहिलंय. लागलं नाही तर सुप्रभा आत्याला विचारू नकोस, दोनदा वाच.

सोमवारी इथे जुन्या कागदांचा वार असतो. तुला माहीत आहे, दोरीने करकचून बांधायचं आणि साडेआठच्या आत खाली ठेवायचं. गेल्या सोमवारी तुझं कपाट रिकामं केलं. तुझ्या सगळ्या वह्या बांधल्या. खरं ते सांगते, एकही काढून ठेवली नव्हती.

खाली सातव्या मजल्यावरच्या ओगावा-सान उभ्या होत्या. या महिन्यात कचऱ्यावर नजर ठेवायची पाळी त्यांची. बाटलीचं झाकण राहिलं तर परत वर पाठवणारी बाई. मला वाटलं गाठ चुकली. त्यांनी गाठ सोडली, वरची निळी वही घेतली आणि पायरीवर बसून वाचायलाच लागल्या.

"कुणाची?"

"मुलीची."

"टाकताय?"

"जुनी आहे."

"कागद जुना आहे," त्या म्हणाल्या, "आतलं जुनं होत नाही."

पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलंय म्हणे या बाईने. इतकी वर्षं एका इमारतीत राहून मला फक्त त्यांची प्लास्टिकवरची बोलणी माहीत. मग विचारलं, मुलगी पुढे काय झाली? मी म्हटलं, इंजिनिअर. भारतात. तोंडातून गेलं. तू इचलकरंजीत क्लासच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी भरतेस, हे जपानीत सांगण्याइतकं मला येतं. सांगितलं नाही.

शेवटचं पान अर्धंच आहे. वर तुझ्या हाताने ११ मार्च घातलाय आणि टॅन एक्सपाशी रेघ थांबलीय. ओगावा-साननी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे पुरं करायला पाहिजे. मी म्हटलं मला काय कळतंय त्यातलं! तर म्हणाल्या, मंगळवार-शुक्रवार दुपारी या. डब्यांच्या कारखान्यातून मी दोनला सुटते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

तुला आठवतं का? मी पोळ्या लाटायचे, तू ओट्याला टेकून पाठकोऱ्या कागदावर लिहायचीस आणि वही माझ्यापुढे उघडी. मी आकाराशी आकार जुळवायचे, चकल्या बघाव्या तसे. चुकलं की लाटणं आपटायचे. अर्थ एकाचाही माहीत नव्हता. तरी तू म्हणायचीस, आईसारखं कडक कुणी तपासत नाही.

तर आता मी करणार आणि तू तपासणार. पहिला धडा सोबत. एक्सच्या वर्गाचे दोन एक्स. मला का ते अजून कळलेलं नाही.

आई

२ जून २०१८

तेजू,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघत नव्हते.

का ते कळलं. तूही कधी सांगितलं नव्हतंस, नुसतं "घात खाली उतरतो आणि एकाने कमी होतो" एवढं घोकायचीस. ओगावा-सान कागदावर लिहायला लागल्या, मी म्हटलं मला लिहून कळत नाही, वस्तू दाखवा. मी खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. त्यांनी एक चौकोनी वडी मध्ये ठेवली. म्हणाल्या, ही एका बाजूने एक्स, दुसऱ्या बाजूने एक्स. आता ही जराशी वाढली. कुठे वाढली? मी बोटाने दाखवलं, इथे एक पट्टी, इथे एक पट्टी. दोन पट्ट्या, प्रत्येक एक्सएवढी लांब. झाले दोन एक्स!

मी म्हटलं, आणि कोपरा? दोन पट्ट्यांच्या मध्ये एवढासा चौकोन उरतो की.

त्या म्हणाल्या, तो इतका बारीक की धरायचा नाही.

"ही तर चोरी झाली," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, पस्तीस वर्षांत हे मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर तोफूचा ठोकळा पुढ्यात घेऊन बसले. घन म्हणजे तोच की. तीन बाजूंनी तीन थर चढले, प्रत्येक थर एक्स बाय एक्स. तीन एक्सवर्ग! कुणी सांगितलं नव्हतं, तेजू. बाबा जेवायची वाट बघत होते, त्यांना हाताला धरून तोफू दाखवला. ते म्हणाले, "याला आपल्याकडे विकलन म्हणतात. हा आता खायचा आहे का?" इथे बिबुन म्हणतात.

पाचाचं शून्य येतं. पन्नासाचंही शून्य. जो हलतच नाही त्याचा वेग कसला काढणार, हे मला लगेच पटलं. आणि तो ई, त्याच्या डोक्यावर एक्स. त्याचं कितीही वेळा काढा, तोच राहतो. ओगावा-सान म्हणाल्या, सगळ्यांत देखणा हा. मी म्हटलं, सगळ्यांत निगरगट्ट हा. घासून घासून काही फरक नाही. असल्या माणसांची मला चांगली ओळख आहे.

वही बंद केली की तो भूकंपाचा मार्च समोर येतो. फ्रिजचं दार आपोआप उघडत होतं आणि मिटत होतं. तूरडाळीची बरणी फुटली आणि तू टेबलाखालून ओरडलीस, "आई, गॅस!" नववा मजला झाडासारखा हलत होता. बाबा कावासाकीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, आंघोळ केली आणि परत गेले, शहरभर लिफ्ट बंद पडलेल्या, त्यांचं कामच ते. इथल्या भारतीय शाळेतले तुझे बारावीचे इतर पेपर झाले होते, गणिताचा तेवढा राहिला. मी घाबरले होते. तुला घेऊन विमानात बसले ते भीतीने बसले. आईला मुलीच्या जिवाची भीती वाटणारच.

सोबत आठ गणितं. शेवटची दोन साइन आणि कॉसची. साइनचा कॉस, कॉसचा साइन. सोपी वाटली.

आई

२६ जून २०१८

तेजू,

काल तुझं पाकीट आलं. चपला न काढता दारातच उघडलं, सांगायला लाज कसली. आत माझाच कागद. सात ठिकाणी बरोबरची खूण आणि आठव्या ठिकाणी, कॉसपुढे, लाल पेनाची एक आडवी रेघ. उणे. बाकी शब्द नाही.

कारखान्यात जपानी बायकांना दाखवला. "मुलीने तपासलं," म्हटलं. भाताचे डबे भरता भरता सगळ्या जणी एका रेघेकडे बघत होत्या. सुपरवायझर ओरडला तेव्हा भानावर आलो.

ओगावा-सान म्हणाल्या, तुमच्या मुलीने चूक दाखवली पण उत्तर लिहून दिलं नाही, नुसती खूण केली, चांगला शिक्षक असंच करतो. मग मी त्यांना सांगून टाकलं की ती इंजिनिअर नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. इंजिनिअरांच्या आया मुली काय करतात ते न विचारता सांगतात."

पण एक झालं. कागद मी फ्रिजवर लावला आणि बाबांनी बघितला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. लाल रेघेवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हात तिचाच आहे."

जेवण झालं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "सप्टेंबरात रजा घेतो. इचलकरंजीला जातो. एकटा."

"कशाला?"

"तिची माफी मागायची आहे. तुझ्या कागदाला उत्तर दिलं म्हणजे दार थोडं तरी उघडलंय."

मी ताटं उचलली.

आत्याला ते फोन करणार आहेत. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. सोबत लॉगची दोन गणितं आहेत, घाईत केलीत.

आई

२९ जुलै २०१८

तेजू,

तुझ्या दुसऱ्या कागदावर या वेळी अक्षरं होती. "बाबा कशाला येतायत? मला काही ऐकायचं नाही." दोन वाक्यं. मी ती बाबांना दाखवली नाहीत. दाखवली असती तरी ते आले असतेच.

आधी गणित. टॅनचं पान पुरं झालं. साइन भागिले कॉस. भागाकाराची रीत मला तीन आठवडे येईना. ओगावा-सान शांत, मी पेन फेकायचे, त्या उचलून द्यायच्या. खालचा गुणिले वरच्याचं विकलन, उणे वरचा गुणिले खालच्याचं विकलन, आणि खाली खालच्याचा वर्ग. तुझं ते लाल उणे घातलं तेव्हा उणे-उणे अधिक झालं, वर कॉसवर्ग अधिक साइनवर्ग आले, म्हणजे एक. मी माझं जुनं चुकीचं धरलं असतं तर काही केल्या जुळलं नसतं. तुझ्याच वहीत, तुझ्याच रेघेच्या पुढे लिहिलंय. पेन वेगळं दिसतं. दिसू दे.

आता बाबा. ते सकाळी दाढी करताना आरशाशी बोलतात. परवा मला हाक मारली.

"सुनीता, सुरुवात कशी करू? तुला सरळ बोलायला जमतं, तू सांग."

"कसली सुरुवात?"

"म्हणजे, 'तेजू, शाळेचा तो पेपराचा फोन मला आला होता आणि मी विसरलो,' असं एकदम म्हणू, की आधी तब्येतीचं वगैरे विचारू?"

गालाला फेस, हातात वस्तरा, आणि मला विचारतायत. मी म्हटलं, "तब्येतीचं विचारा." आणि कुकर लावायला गेले. कुकरमध्ये पाणी घालायचं राहिलं.

त्यांच्यावर ओरडू नकोस. दोन्ही गुडघे गेलेत त्यांचे. शेवटी त्यांची चूक

इथे पेन थांबलं. पुढचं लिहिता येत नाही. आज एवढंच.

आई

१२ सप्टेंबर २०१८

तेजू,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. बाबा घेऊन आलेत. पाकीट डिंकाने बंद केलंय, ते उघडणार नाहीत, तो माणूस तसा नाही. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की दारातच वाच. तशीच वाच.

तो फोन मला आला होता.

बाबा सांगतात की आपण दोघी विमानात बसल्यावर संध्याकाळी त्यांना आला. खोटं आहे. सतरा मार्चला सकाळी सव्वानऊला आला. तू खालच्या कोंबिनीच्या दुकानात पाणी मिळतंय का बघायला गेली होतीस. बॅगा दारात होत्या. शाळेची ती फोनची साखळी तुला आठवत असेल, यादी फ्रिजवर लावलेली, वरच्याने खालच्याला कळवायचं आणि शेवटच्याने बाईंना फोन करून पोचलं म्हणून सांगायचं. आपल्या वर लक्ष्मीकांत, आपल्या खाली विभा. लक्ष्मीकांतच्या आईने सांगितलं, गणिताचा पेपर रद्द नाही, पाच एप्रिलला इथेच होणार, सगळ्यांनी हजर राहायचं.

मी पेन घेतलं. यादीच्या कडेला ५ एप्रिल लिहिलं. विभाच्या आईला फोन लावला. नीट सांगितलं. तिला तारीख परत म्हणायला लावली, कारण ती वेंधळी. तिने म्हटली, मी म्हटलं बरोबर. मग यादी फ्रिजवरून काढली आणि घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली.

तू पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन वर आलीस. मिळाल्या म्हणून खूश होतीस. विचारलंस, "शाळेचं काही कळलं?" मी म्हटलं, "पेपर होत नाही म्हणतात. शूज घाल."

दुसऱ्याच्या मुलीला कळवलं. माझ्या मुलीला नाही. म्हणून ऐकण्यात चूक झाली, गडबडीत राहून गेलं, असलं काही मला म्हणता येत नाही. खोटं वाटलं तर विभाच्या आईला विचार, तिला माझा आवाज आठवत असेल.

भीतीने केलं असं मी जूनमध्ये लिहिलं होतं. भीती होती. पण एकट्या भीतीने केलं नाही. मला इथून जायचं होतं. सहा वर्षं झाली होती, दुकानातल्या पाकिटावरचं अक्षर वाचता येत नव्हतं, तुला घेतल्याशिवाय डॉक्टरकडे जाता येत नव्हतं. दिवसभर नवव्या मजल्यावर बसून मी तुमच्या दोघांची वाट बघायचे. भूकंप झाला आणि मला जायला कारण मिळालं. सगळे जात होते, कुणी नाव ठेवणार नव्हतं. आणि तेवढ्यात तो फोन. पेपर आहे म्हटलं की पंधरा दिवसांत परत यायचं. मग त्सुकुबा विद्यापीठात तुझं नाव लागलेलं, बारावीच्या गुणांची वाट बघत होते ते. म्हणजे आणखी चार वर्षं, मग तुझी नोकरी, मग जन्मभर. त्या एका पेपराला मी बांधलेली होते. म्हणून तो होऊ दिला नाही.

तुझा जपानी मोबाइल तिकडे चालत नव्हता आणि आत्याकडे इंटरनेट नव्हतं, हे मला माहीत होतं. कळेपर्यंत एप्रिल अर्धा गेला. विभाची मेल वाचून तू सायबर कॅफेतून आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, वाटाणे सोलत होते. शाळेने सांगितलं, साखळी पूर्ण झाली होती, तुमच्या नावापुढे खूण आहे. तू आत्याच्या मोबाइलवरून बाबांना फोन लावलास, स्पीकरवर. मी तिथेच बसले होते. पलीकडे ते गप्प झाले. मोजून चार-पाच श्वास. मग म्हणाले, "मला आला होता गं. कामात विसरलो."

तेवढ्या वेळात त्यांनी सगळं ओळखलं होतं. घरात दुसरं होतंच कोण? आणि मी वाटाणे सोलत राहिले.

जुलैत परत बसता आलं असतं, आत्या मागे लागली, तू पुस्तकाला हात लावला नाहीस. किती वर्षं मी मनात म्हणत होते, बघा, पोरगी हट्टी, माझं एकटीचं थोडंच आहे. हे म्हणणंही इथे लिहून ठेवते, म्हणजे परत म्हणता येणार नाही.

पुढच्या वर्षी बाबा एकटे आजारी पडले म्हणून मी परत इथे आले. तुला आत्याकडे ठेवून. ज्या गावातून पळायला तुझं सगळं मोडलं, त्याच गावात. आणि सांगायला नको पण सांगते, आता मला इथे बरं वाटतं. कारखान्यात मैत्रिणी आहेत, पाकिटं वाचता येतात, डॉक्टरकडे एकटी जाते. तू इथे असायला हवी होतीस. मी आहे.

परवा बाबांना सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. ते कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होते.

"तो फोन मला आला होता."

"माहीत आहे."

"मग माफी कसली मागायला निघालात?"

"तिला कुणीतरी मागायला हवी ना. मागितली की तिचा राग उतरेल."

"मी खरं लिहून कळवते."

त्यांनी शर्ट खाली ठेवला. "नको. आत्ता ती निदान तुझ्याशी तरी बोलते. वर्षातून दोन मिनिटं का होईना. ती दोन मिनिटंही गेली तर तिच्याकडे कोण उरलं?"

"तुम्ही."

"मला आता सवय झाली आहे," ते म्हणाले. "तुला नाही जमायचं ते."

हा माणूस तुला समोर बसवून पुन्हा तेच सांगणार आहे. चांगलं खोटं बोलतात ते, पाठ केलंय. डोळ्यांत पाणीही येईल आणि ते खरं असेल, म्हणून तू फसशील. फसू नकोस. त्या दिवाळीच्या दोन मिनिटांवर माझा हक्क नव्हता. त्यांच्या वाटची घेतली मी ती. या दिवाळीला फोन कर, पण त्यांच्या मोबाइलवर कर. मी पलीकडच्या खोलीत जाईन, दार लावून घेईन.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते म्हणायला बाबा आलेत आणि तेच मला थांबवायचं आहे.

तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील, हातात बॅग, गुडघा धरून, काय लिहिलंय असं न विचारता. घाई करू नकोस, शेवटपर्यंत वाच. ते थांबतील. मग त्यांना तोंड उघडू देण्याआधी आत घे.

आई